रहाडीतलं प्रेत, वाड्यातला समंध: नाशकातली गॉथिक खूनकथा पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

जुना वाडा, त्यात कुणाचा तरी खून, एक खरंखुरं भूत आणि त्या भुताच्या मागावर असलेला शिकारी, असं सगळं एका कथेत (हिलाच मी गॉथिक खूनकथा म्हणते) लिहायचंय पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी स्वतः जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढले. आजी संध्याकाळी दिवा लावला की पिंपळाकडे बघू द्यायची नाही, आणि नदीवर गेलो की डोहाकडे पाठ करून उभं राहू नको म्हणायची, त्यामुळे या गोष्टी माझ्यासाठी लहानपणापासून घरातल्याच आहेत. गेली काही वर्षं मी याच प्रकारच्या कथा लिहितेय आणि जे चुकत चुकत कळलं ते सरळ सांगते.

सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं हिच्यावर उभं आहे. अशा कथेत भुताला नियम पाहिजे आणि तो नियम हाच खुनाचा धागा पाहिजे. भूत एकीकडे आणि खून दुसरीकडे असं केलंत तर दोन अर्ध्या कथा होतात. आणि भूत काहीही करू शकतं असं ठेवलंत तर मग खून कुणी केला याला अर्थच राहत नाही, वाचक म्हणणार भुताने केला, संपलं.

भूत आधी निवडा, खून नंतर

नवीन लिहिणारे बहुतेक जण बाहेरच्या सिनेमातला रक्त पिणारा किंवा पौर्णिमेला लांडगा होणारा प्राणी उचलतात. उचला, पण मग त्याला नाशकातल्या शालीमारच्या सिग्नलवर आणून उभं केलं की तो परका वाटतो, कारण त्याच्या मागे आपल्या कुणाच्याच आजीची गोष्ट नसते. आपल्याकडे इतकी भुतं आहेत आणि प्रत्येकाचा नियम आधीच ठरलेला आहे. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, तो पिंपळावर राहतो. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई, तिचे पाय उलटे. चकवा माणसाला मारत नाही, नुसता एकाच जागी रात्रभर फिरवतो आणि उजाडलं की सोडतो (अलिबी, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी मी दुसरीकडे होतो हा दावा, मोडायला किंवा तयार करायला चकव्यासारखं भूत नाही!). वेताळ भुतांचा राजा, अमावस्येला पलिते घेऊन त्याची स्वारी निघते. समंध म्हणजे घरात, पैशात, जमिनीत जीव अडकून गेलेला माणूस, बहुतेक वेळा निपुत्रिक, आणि तो आपल्या ठेव्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

या यादीकडे नीट बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. ही सगळी माणसं काहीतरी अर्धवट राहून गेलेली आहेत आणि बऱ्याच वेळा त्यांच्यावर घरच्यांनीच अन्याय केलेला आहे. म्हणजे भुताच्या व्याख्येतच जुना गुन्हा बसलेला असतो. गॉथिक कथेला नेमकं हेच लागतं, पूर्वजांनी काहीतरी केलं, घराने ते झाकलं, आणि ते आत्ताच्या पिढीला भोवतं. त्यामुळे भूत निवडताना तुम्ही नकळत खुनाचं कारणपण निवडत असता.

आसरांबद्दल वेगळं सांगते. साती आसरा पाण्याच्या कडेला असतात, सात दगड, शेंदूर, हिरवा खण, बांगड्या, दहीभाताचा नैवेद्य. खूप घरांची ती देवता आहे, लोक त्यांना मावलाया म्हणतात. त्यांना नुसत्या रक्ताला तहानलेल्या बायका करून टाकू नका, मला ते वाचताना फार त्रास होतो. त्या डोहाच्या मालकिणी आहेत, त्यांचा एक कायदा आहे, तो मोडला की त्या ओढतात असं लोक मानतात. तेवढं जपलं तरी कथा चांगली होते आणि भीतीही कमी होत नाही.

जागा एक गल्ली एवढीच ठेवा

नाशिक मोठं आहे, सगळं शहर एका कथेत कोंबू नका. पांडवलेणी, देवळाली, त्र्यंबक, रामशेज, सगळ्या ठिकाणी काहीतरी आहेच आणि हात शिवशिवतात, पण गॉथिकला कोंडलेपण लागतं. एक वाडा, समोरची गल्ली, खाली घाट, बस.

वाडा लिहायचा तर वाड्याचे शब्द वापरा. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर, न्हाणी, आड, परसू, तुळया, कोनाडे, आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे बळद. बळद म्हणजे भिंतीत किंवा जमिनीखाली धान्य साठवायची अंधारी कोठी, माणूस आत मावतो आणि बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. जुन्या नाशकात पावसाळ्यात दरवर्षी एखादा तरी वाडा ढासळतो, भाडेकरू आणि मालक यांचे खटले वर्षानुवर्षं चालू असतात, वारस पुण्या-मुंबईला, प्रॉपर्टी कार्डावर पंचवीस नावं, आणि बिल्डर दारात. खुनाला कारण शोधायला लांब जायची गरजच नाही.

एखाद्याला वाड्याऐवजी पाणी जास्त भिडतं, त्याने पावसाळा घ्यावा. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे, पूर आला की पाणी त्याच्या कुठवर चढलं यावरून शहर पूर मोजतं. १९६९ चा आणि २००८ चा पूर बघितलेली माणसं अजून आहेत, त्यांच्याशी बोला. मारुतीच्या कमरेला पाणी लागल्यावर घाटावरून पलीकडे जाता येत नाही, म्हणजे त्यानंतर घाटाने पलीकडे पंचवटीत गेलो म्हणणारा संशयित खोटं बोलतोय हे घड्याळाशिवाय सिद्ध होतं. जवळच नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे, वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण म्हणून ओळखली जाते, पोर्तुगीजांकडची वस्तू शिवाच्या देवळावर टांगलेली. गॉथिक वस्तू अजून वेगळी काय असते.

पण मी तुम्हाला रहाड घ्या म्हणेन, कारण ही गोष्ट नाशिकची आहे आणि हिच्यात खूनकथा आधीच लपलेली आहे. बाहेरच्यांसाठी सांगते, जुन्या नाशकात पेशवाईपासूनचे दगडी हौद आहेत जमिनीखाली, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्या जाड लाकडी फळ्या टाकून वर माती घालून बंद असतात, वरून गाड्या जातात, पोरं क्रिकेट खेळतात, खाली हौद आहे हे नवख्याला कळतसुद्धा नाही. रंगपंचमीच्या आधी माती उकरून, फळ्या काढून, साफ करून उघडतात, फुलांचा रंग उकळून ओततात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेला, आधी पूजा आणि मग लोक धप्पा मारतात, म्हणजे वरून आत उडी घेतात. आणि तिच्या आधी धूलिवंदनाला वीरांची मिरवणूक, घरातल्या गेलेल्या पुरुषांचे टाक घेऊन लोक वाजतगाजत रामकुंडावर नेतात. म्हणजे मेलेल्यांना नाचवायचा दिवस आणि जमीन उघडायचा दिवस, मधे चारच दिवस!! कॅलेंडरनेच तुमच्या कथेची वेळ बांधून दिलीय.

फक्त खऱ्या रहाडीचं नाव घेऊन तिच्यात प्रेत टाकू नका. मानाची घराणी आहेत, त्यांची माणसं वाचतात, उगाच कुणाच्या श्रद्धेला आणि नावाला डाग नको. एक गल्ली आणि एक रहाड मनाने तयार करा, वागणूक खरी ठेवा.

काळ ठरवा, कारण काळ बदलला की पोलीस बदलतो

जुना काळ घ्यायचा मोह होतो, कंदील वगैरे. घ्या, पण मग त्या काळाचं शहर माहीत पाहिजे. समजा १९१० घेतलंत, तर २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमधे कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या होत्या, आणि १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना ठाण्याला फाशी झाली. मधल्या महिन्यांत नाशकात पोलीस आणि खबरे घरोघर होते. अशा वेळी रात्रीबेरात्री घाटावर फिरणारा तुमचा भूत-शिकारी पहिल्या रात्रीच चौकीवर बसणार, आणि हे तुम्ही वापरलंत तर कथा एकदम जिवंत होते, विसरलात तर नाशकातला वाचक पान बंद करतो.

आजचा काळ घेतलात तर दोन गोष्टी पक्क्या ठेवा. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम ३०२ राहिलं नाही, भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे, अजून बऱ्याच कथांमधे तीनशे दोनच दिसतं. आणि सुरुवातीला पोलीस लगेच खुनाचा गुन्हा नोंदवत नाहीत, आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा, बॉडी सिव्हिलला, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) राखून ठेवतात, आणि रिपोर्ट आला की पुढचं. हा मधला अधांतरी काळच तुमच्या शिकाऱ्याचा काळ आहे, कारण तोपर्यंत गल्लीने आपला निकाल देऊन टाकलेला असतो.

शिकारी कसा असावा

लांब कातडी कोट, चांदीची गोळी, कमरेला तलवार असा माणूस मार्च महिन्यात नाशकात घामानेच पडेल. आपल्याकडे हे काम करणारे लोक आहेतच, पंचाक्षरी, देवऋषी, भगत. त्यांच्या हातात भंडारा, अंगारा, लिंबू, मोरपिसांचा कुंचा. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा बाजूचा भगत आदिवासी समाजाचा, त्याला जंगल, औषधी मुळ्या, वाघदेव सगळं माहीत असतं. पण त्याची भाषा येत नसेल तर खोटी बोली लिहू नका, दोन वाक्यं साधी मराठी लिहिली तरी चालतात, उगाच हेल काढून लिहिलेली बोली त्या लोकांचा अपमान करते.

मी माझ्या कथेत शिकारी म्हणून बाई घेतली. चाळिशीची, दिवसा तांबट लेनमधे भांड्यांच्या दुकानात हिशोब लिहिते, वडील पंचाक्षरी होते, त्यांच्याकडून शिकली, आणि तिचा एक नियम आहे की ती भुताला मारत नाही, आधी त्याचं म्हणणं ऐकते. शिकाऱ्याला हा असा एक नियम द्याच. भुताचा नियम आणि शिकाऱ्याचा नियम एकमेकांना कुठेतरी अडवतात आणि तिथे तुमचा सगळ्यात चांगला प्रसंग असतो.

आणि पैसे. तिला कोण बोलावतं, का बोलावतं, किती देतं? आजच्या महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्काराच्या नावाखाली फसवून पैसे घेणं, भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, एखाद्या बाईला करणी करते म्हणून बदनाम करणं, या सगळ्यावर गुन्हा होतो, आणि व्हायलाच पाहिजे. तो कायदा यायच्या आधी डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला हे लिहिणाऱ्याने विसरू नये. आपण भुताची कथा लिहितो तेव्हा कथेतलं भूत खरं असू शकतं, पण कथेत चेटकीण ठरवून मारलेली बाई मनोरंजन म्हणून यायला नको, कारण ते बाहेर खरंच घडतं. म्हणूनच माझी शिकारीण पैसे घेत नाही आणि कुणाचंही नाव गल्लीसमोर घेत नाही, आणि तरी तिच्यावर तक्रार होते. पोलीस स्टेशनमधला तो प्रसंग मला लिहिताना सगळ्यात आवडला.

आता खून बांधू

इथे मी माझीच कथा उलगडून दाखवते, अजून छापलेली नाही त्यामुळे बिनधास्त.

वाड्यातले थोरले नाना धूलिवंदनाला वीर घेऊन घाटावर गेले आणि परत आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी समोरच्या रहाडीच्या फळ्या काढल्या तर खाली नाना. रहाड कोरडी ठणठणीत, आणि पोस्टमॉर्टेममधे कळलं की बुडून मेले. कोरड्या हौदात बुडून मेलेला माणूस. गल्लीने लगेच सांगितलं, आसरांनी ओढलं, वीर नेताना काहीतरी चुकलं असणार.

माझ्या पहिल्या खर्ड्यात नाना धूलिवंदनालाच मेले होते आणि रंगपंचमीच्या सकाळी सापडले होते. एका ओळखीच्या डॉक्टरबाईंनी वाचून सांगितलं की मार्चमधल्या उकाड्यात पाच दिवस प्रेत गल्लीच्या मधोमध आहे आणि कुणाला वास आला नाही हे होणार नाही. मला वाईट वाटलं पण त्या बरोबर होत्या, आणि तिथून कथा सुधारली, कारण मग नाना मधले दोन दिवस जिवंत होते असं करावं लागलं. मग होते कुठे? बळदात. म्हणून सांगते, प्रेताचं थोडं शास्त्र शिकून घ्या. प्रेत जबड्यापासून आखडायला दोन-तीन तासांत सुरुवात होते, साधारण बारा तासांत सगळं अंग ताठ, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर सुटतं. रक्त खालच्या बाजूला साचून जांभळे डाग पडतात, आठ-बारा तासांत ते पक्के होतात, त्यानंतर प्रेत उलटं केलं तरी डाग जागा सोडत नाहीत, म्हणजे हलवलं की कळतं.

बुडण्याची अजून एक गंमतशीर गोष्ट आहे ती म्हणजे डायटम. पाण्यात काचेसारखं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ असतं, माणूस जिवंतपणी बुडाला तर पाणी फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत हे कण नेतं, कारण हृदय चालू असतं. आधी मारून मग पाण्यात टाकला तर इतके आत पोचत नाहीत. आणि ज्या पाण्यात बुडाला असं वाटतं त्या पाण्याशी ते जुळवून बघतात. नुसत्या डायटमवर कोर्टात कुणी दोषी ठरत नाही, पण कथेत वळण द्यायला पुरतं. माझ्या कथेत नानांच्या हाडात सापडलेले कण रामकुंडाच्या पाण्याशी जुळत नाहीत. जुळतात ते वाड्याच्या परसातल्या आडाशी, जो चाळीस वर्षं शिळा टाकून बंद आहे.

आता भुतांचे नियम कामाला लावते. पहिला नियम, आसरा पाणी सोडत नाही. डोहात ओढेल, पण बाहेर काढून, उचलून, कोरड्या हौदात नेऊन ठेवणार नाही. हे शिकारीण फौजदारसाहेबांना पहिल्याच दिवशी सांगते आणि ते हसतात, पण वाचकाला कळतं की हे माणसाचं काम आहे. भूत आलं ते निर्दोष सुटायला. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो, नवीन लोकांनी निदान एकदा तरी असं लिहून बघावं की भुताच्या नियमामुळे भूत सुटतं आणि माणूस अडकतो.

दुसरा नियम समंधाचा. बळदाच्या दाराशी एक पूर्वज बसलेला आहे, तो रक्ताच्या माणसाशिवाय कुणाला दार उघडू देत नाही. हे शेवटी सांगितलं तर वाचकाची फसवणूक. म्हणून पहिल्या वीस पानांतच मी दोन साधे प्रसंग टाकले, लाईटचं काम करायला आलेला पोरगा त्या दाराला हात लावतो आणि हात भाजल्यासारखा मागे घेतो, सगळे म्हणतात शॉक बसला. आणि दिवाळीत आलेले जावई तिथेच चक्कर येऊन पडतात, घरचे म्हणतात उपास होता. म्हणजे घरात लग्न करून आलेलं माणूससुद्धा त्याला चालत नाही. मग ज्या धाकट्या सुनेवर सगळ्यांचा संशय आहे, जिचं नानांशी वाड्याच्या व्यवहारावरून कडाक्याचं भांडण झालं, ती बळद उघडूच शकत नव्हती. राहिले दोन पुतणे, ते दोघंही घाटावर शंभर लोकांसमोर होते. मग दार कुणी उघडलं?

मागच्या खोलीतल्या भाडेकरूने. त्याची आई या वाड्यात कामाला होती आणि चाळीस वर्षांपूर्वी त्याच आडात गेली, घराने अपघात म्हणून सांगितलं, आडावर शिळा टाकली आणि पोराला भाड्याच्या खोलीत राहू दिलं. तो नानांचा मुलगा आहे हे नानांना माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि समंधाला माहीत होतं. कागदावर ज्याला कुणी वारस मानलं नाही त्याला भुताने वारस मानलं. या कथेचं माझ्यासाठी सगळं काही त्या एका उघडलेल्या दारात आहे.

पुरावा मात्र भुताचा चालत नाही, तो माणसांच्या जगातला द्यावा लागतो. म्हणून रहाडीचा रंग वापरला. दगडांवर मागच्या वर्षीचा पिवळा रंग सुकून बसलेला असतो, नानांचे कपडे ओले होते म्हणून पाठीला तो लागला, आणि ज्याने ओलं प्रेत खाली उतरवलं त्याच्या नखांतपण लागला. रंगपंचमीच्या आधी पिवळी नखं असलेला गल्लीत एकच माणूस. भूत शिकारिणीला दिशा देईल, पण फौजदाराच्या हातात नखं द्यायची.

खोटा माग एक, फार तर दोन

नाशकात कुठेही फाटलेलं प्रेत सापडलं की पहिला शब्द बिबट्या. ऊसपट्टा जवळ, शहरातल्या सोसायट्यांत बिबट्या शिरल्याचे व्हिडिओ येतात, वनविभागाचे पिंजरे लागतात. खोटा माग म्हणून हे उत्तम. बिबट्या गळ्याला किंवा मानेला धरतो, सुळ्यांच्या खोल भोकांच्या खुणा पडतात, ओढत नेतो, ठसे उमटतात, म्हणजे खोटं करायला खुन्याला बरीच मेहनत पडेल आणि चूक पण तिथेच होईल. शिवाय वन्यप्राण्याने माणूस मारला तर वारसांना सरकारी भरपाई लाखांत मिळते, आता बघा कुणाला ते बिबट्याने मारलेलंच ठरायला हवंय. हे मी माझ्या कथेत घेतलं नाही, गल्लीच्या बाहेर जायचं नव्हतं, तुम्ही घ्या.

देवळालीपण कुणाला हवी असेल तर, तिथे ब्रिटिश सैनिक मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे, डोकं फिरायचं, आणि त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला डूलाली हा शब्दच तयार झाला. ज्याने भूत बघितलं पण ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही असा साक्षीदार हवा असेल तर तो तिथे मिळतो.

भीती लिहायची कशी

कमी लिहून. रक्त, किंचाळी, लाल डोळे याने भीती वाटत नाही, दुसऱ्या पानावर सवय होते. वाड्यात राहिलेल्याला विचारा त्याला कशाची भीती वाटायची. ओल्या भिंतीचा वास. माळ्यावर कबुतर की दुसरं काही हे न कळणं. लाईट गेल्यावर चौकात पडणारा चौकोनी उजेड. रात्री न्हाणीत कुणीतरी तांब्या ठेवल्याचा आवाज आणि सकाळी कळणं की सगळे झोपले होते. माझ्या कथेत समंध एकदाही दिसत नाही, फक्त बळदाच्या दाराशी कायम थोडं धान्य सांडलेलं असतं, जरी तिथे तीस वर्षं कुणी धान्य ठेवलेलं नाही.

संवादात माणसं खऱ्यासारखी बोलू द्या. गल्लीतली म्हातारी शिकारिणीला पोरी म्हणेल, फौजदार आधी बाई म्हणेल आणि चौथ्या दिवशी ताई म्हणायला लागेल, हा बदल लिहिला की त्याचा विश्वास बसला हे वेगळं सांगावं लागत नाही. एक तुकडा देते:

"ताई, दार उघडं होतं म्हणता?"
"उघडं नव्हतं साहेब. उघडू दिलं."
"कुणी?"
"ते तुमच्या कागदावर येणार नाही. पण कुणाला उघडू दिलं ते येईल."

एवढंच. भूत म्हणजे काय, कुठून आलं हे समजावत बसू नका.

बसण्याआधी आणि लिहून झाल्यावर

लिहायच्या आधी एक दिवस पहाटे पाचला घाटावर जा. रामकुंडापाशी लोक अस्थी घेऊन आलेले असतात, मुंडन चालू असतं, बाजूला भाजीवाले गोण्या उतरवत असतात. मोबाईल खिशात ठेवा, फोटो काढू नका, ती कुणाच्या तरी घरातली मौत आहे. नुसतं ऐका आणि घरी येऊन आठवेल तेवढं लिहा. मग गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की इथे काय होतं आधी, आणि मधे बोलू नका.

मग चार कागद घ्या. एकावर भुताचा नियम, एकाच वाक्यात. दुसऱ्यावर तो नियम वाचकाला कुठे कुठे दिसतो, निदान दोन ठिकाणी, दोन्ही पहिल्या एक तृतीयांशात. तिसऱ्यावर मेलेला माणूस शेवटच्या दिवसांत तासातासाला कुठे होता, कथेत लिहिणार नसाल तरी. चौथ्यावर जुना गुन्हा, जो चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी झाला आणि ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. चारही कागद भरल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू नका, मी हे न करता दोन कथा लिहिल्या आणि दोन्ही मधेच सोडाव्या लागल्या.

पूर्ण झाल्यावर एक परीक्षा घ्या. कथेतून भूत पूर्ण काढून वाचून बघा. खून तसाच सुटत असेल तर भूत नुसतं सजावटीला आहे, परत दुसऱ्या कागदाकडे जा. मग उलट करा, खुनी काढून बघा, आणि भुताची गोष्ट तशीच पूर्ण वाटत असेल तर चौथा कागद कच्चा राहिलाय. माझ्या कथेत समंध काढला तर सून अडकते आणि भाडेकरू सुटतो, आणि भाडेकरू काढला तर समंधाला चाळीस वर्षं त्या दारात बसायचं कारणच राहत नाही. तिथे पोचायला मला चार खर्डे लागले. पाचवा चालू आहे, त्यात आडावरची शिळा कोण सरकवतं ते अजून लिहायचंय.